गोवरची दुसरी लस राहून तर गेली नाही ना?

तुमच्या मोबाइलमध्ये बाळाचे किती फोटो आहेत? बारशाचे, उष्टावणाचे, बोरन्हाणाचे, पहिलं पाऊल टाकतानाचे... मोजायला बसलात तर सहज हजाराच्या घरात जातील. आता एक छोटंसं काम करा. त्याच मोबाइलमध्ये बाळाच्या लसीकरण कार्डाचा फोटो सापडतो का, ते बघा. नसेल, तर जन्मदाखला आणि दवाखान्याचे कागद ठेवलेली ती फाइल कपाटातून काढा आणि कार्ड उघडा.

त्यावर 'एमआर' असं लिहिलेले दोन रकाने दिसतील. एमआर म्हणजे मीझल्स-रुबेला, आपल्या भाषेत गोवर आणि रुबेला. पहिला रकाना ९ महिने पूर्ण झाल्यावरचा, दुसरा १६ ते २४ महिन्यांमधला. खासगी डॉक्टरांकडे लसी घेत असाल तर तिथे 'एमएमआर' लिहिलेलं असेल. त्यात गालगुंडावरची लसही एकत्र असते. बहुतेक घरांत पहिल्या रकान्यात तारीख आणि सही असते. प्रश्न असतो तो दुसऱ्या रकान्याचा.

बाळ ९ महिन्यांचं असतं तेव्हा घरातल्या प्रत्येकाला त्याच्या लसीची तारीख पाठ असते. दीड वर्षाचं झालं की चित्र बदलतं. आईची रजा संपलेली असते, बाळ पाळणाघरात किंवा आजीकडे असतं, मध्येच बदली होते, घर बदलतं. मूल धावतंय, बोलतंय, खातंय. मग "पुढच्या महिन्यात नेऊ" असं म्हणता म्हणता वर्ष निघून जातं. आपण टाळाटाळ करतोय असं कोणालाच वाटत नाही आणि रकाना कोराच राहतो.

हा लेख त्या कोऱ्या रकान्याविषयी आहे.

गोवर म्हणजे नुसतं पुरळ नव्हे

"आमच्या वेळी सगळ्यांनाच गोवर यायचा, चार दिवस अंगावर राहायचा आणि जायचा," हे वाक्य तुम्ही घरात ऐकलं असेल. ते खोटं नाही. गोवर झालेली बरीच मुलं बरी होतात. पण आजी हे सांगते तेव्हा ती बऱ्या झालेल्या मुलांची आठवण सांगत असते. जी बरी झाली नाहीत, त्यांच्याविषयी त्या काळातही घरात फारसं बोललं जात नसे.

गोवरची लस १९६३ मध्ये आली. त्याआधी जगभरात दर वर्षी अंदाजे २६ लाख माणसं या आजाराने दगावत, त्यात बहुतांश लहान मुलं असत. लस असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये लाखाहून जास्त मृत्यू गोवरने झाले. यातही बहुतेक ५ वर्षांखालची, लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली मुलं होती.

आजाराची सुरुवात फसवी असते. ताप, सर्दी, कोरडा खोकला, लाल झालेले आणि पाणी येणारे डोळे. पावसाळी सर्दी समजून आपण वाफ देतो, सिरप पाजतो. याच दिवसांत काही मुलांच्या गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. त्यानंतर दोन-चार दिवसांनी कानामागून आणि कपाळावरून लालसर पुरळ सुरू होतं आणि चेहरा, मान, छाती, पोट, पाय असं वरून खाली उतरत जातं. कांजिण्यांसारखे पाण्याने भरलेले फोड यात नसतात.

खरा धोका पुरळाचा नसतो. हा विषाणू श्वसनमार्गाला आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला दुबळं करतो आणि त्या आडून दुसरे आजार शिरतात. न्यूमोनिया, जुलाब, कानात पू होणं हे नेहमीचे. मुलाच्या अंगात अ जीवनसत्त्व कमी असेल तर डोळ्याचं बुबुळ खराब होऊन दृष्टी जाऊ शकते. हजारातल्या साधारण एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते. आणखी एक दुर्मीळ पण भयंकर प्रकार आहे. गोवर बरा होऊन सात-आठ वर्षं उलटल्यावर शाळेत जाणारं धडधाकट मूल हळूहळू विसरायला लागतं, झटके येतात, चालणं-बोलणं बंद होत जातं. त्यावर खात्रीचा उपचार नाही. आणि गोवर जितक्या लहान वयात होतो, तितकी ही शक्यता जास्त असते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या रक्तातली इतर आजारांविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत कमी झालेली आढळली. थोडक्यात, आधीच्या आजारांशी लढून शरीराने जे कमावलं होतं, ते गोवर पुसून टाकतो. म्हणूनच जुन्या बायका म्हणायच्या की गोवर आला की पोर वर्षभर वाळतं. त्यांच्या निरीक्षणात तथ्य होतं.

एका खोलीत दोन तास

संसर्गजन्य आजारांत गोवरचा हात धरणारे फार थोडे आजार आहेत. ज्यांना संरक्षण नाही अशी दहा माणसं रुग्णाच्या जवळ आली, तर त्यातल्या नऊ जणांपर्यंत तो पोहोचू शकतो. हा विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो.

याचा अर्थ समजून घ्या. दवाखान्यात एक मूल ताप-खोकल्याने आलं, बाकावर बसलं, तपासून घरी गेलं. त्यानंतर अर्ध्या तासाने तुम्ही तुमच्या ६ महिन्यांच्या बाळाला घेऊन त्याच खोलीत बसलात. तुम्ही त्या मुलाला पाहिलंही नाही. तरीही तुमच्या बाळाला लागण होऊ शकते.

आणि "पुरळ दिसलं की लांब ठेवू" हा उपाय इथे उशिराचा ठरतो. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून रुग्ण आजार पसरवत असतो आणि नंतरही ४ दिवस पसरवतो. म्हणजे नुसती सर्दी वाटत असताना मूल बारशाला, लग्नाला, खेळगटात जाऊन आलेलं असतं.

९ महिन्यांआधीचं बाळ कोणाच्या भरवशावर?

"इतका धोका आहे तर जन्मल्याबरोबर लस का देत नाहीत?" हा प्रश्न अगदी रास्त आहे.

गर्भात असताना आईकडून बाळाला काही प्रतिपिंडं मिळतात. पहिले काही महिने ती बाळाला सांभाळतात, पण तीच लसीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निकामी करतात. मग दिलेली लस फुकट जाण्याची शक्यता वाढते. हळूहळू आईची ही शिदोरी संपत जाते. आपल्या देशात लहान बाळांनाही गोवर होण्याचं प्रमाण लक्षात घेऊन ९ महिने हा मधला टप्पा निवडला आहे.

पण शिदोरी संपणं आणि लस मिळणं यांच्यामध्ये एक फट राहते. काही बाळांची शिदोरी पाचव्या-सहाव्या महिन्यातच संपलेली असते. या काळात बाळाला वाचवणारी एकच गोष्ट असते. त्याच्या आजूबाजूच्या लोकांना गोवर न होणं. थोरला भाऊ, शेजारची चिमुरडी, पाळणाघरातली मुलं, घरी कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा, या सगळ्यांचे दोन डोस झालेले असतील तर विषाणूला बाळापर्यंत यायला वाटच मिळत नाही. म्हणून तज्ज्ञ सांगतात की १०० पैकी किमान ९५ मुलांचे दोन्ही डोस पूर्ण हवेत. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या काही मुलांना ही लस देता येत नाही. तीही याच भिंतीच्या आड सुरक्षित असतात.

तुमच्या दीड वर्षाच्या मुलाचा दुसरा डोस म्हणजे कोणाच्या तरी सहा महिन्यांच्या बाळाचं पांघरूण आहे.

एक डोस का पुरत नाही?

बरेच पालक दुसऱ्या डोसला 'बूस्टर' समजतात. आधीच संरक्षण आहे, हा वरचा मुलामा, राहिला तरी काय बिघडतं? गणित थोडं वेगळं आहे.

९ महिन्यांना दिलेल्या पहिल्या डोसने १०० पैकी साधारण ८५ मुलांना संरक्षण मिळतं. उरलेल्या १५ जणांच्या शरीरात, आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे किंवा इतर कारणाने, लस 'लागत' नाही. तुमचं मूल त्या ८५ मध्ये आहे की १५ मध्ये, हे बाहेरून कळत नाही. दुसरा डोस त्या १५ जणांसाठी दुसरी संधी असतो. दोन डोसनंतर संरक्षण ९५ टक्क्यांच्या पुढे जातं.

बालवाडीच्या ४० मुलांच्या वर्गाचा विचार करा. सगळ्यांनी पहिलाच डोस घेतला असेल तर साधारण ६ मुलं उघडी राहतात. गोवरला शिरकाव करायला तेवढी पुरेशी आहेत.

"पण तुला लहानपणी एकच दिली होती की!" असं सासूबाई किंवा आई म्हणेल, तेही खरं आहे. आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरणात गोवरची लस १९८५ मध्ये आली आणि तेव्हा एकच डोस होता. दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. फेब्रुवारी २०१७ पासून टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेला मोहीम राबवली गेली. पहिल्या टप्प्यात गोवा, कर्नाटक, तमिळनाडू, पुद्दुचेरी आणि लक्षद्वीप होते, तर महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. त्या वेळी ९ महिने ते १५ वर्षांखालच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत लस दिली गेली होती, ते तुम्हाला आठवतही असेल.

२०२२ च्या हिवाळ्याने काय शिकवलं?

कोविडच्या दोन वर्षांत घराबाहेर पडणं बंद झालं, आरोग्य कर्मचारी दुसऱ्या कामात अडकले आणि असंख्य बाळांच्या नेहमीच्या लसी मागे पडल्या. तेव्हा कोणाला काही जाणवलं नाही. हिशेब २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समोर आला.

मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या दाट वस्त्यांमध्ये गोवरने मुलं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवरची मुलं दाखल होऊ लागली. मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण वाढले. हे फक्त महाराष्ट्रात घडत नव्हतं. त्याच महिन्यात केंद्र सरकारला रांची, अहमदाबाद आणि केरळमधल्या मलप्पुरम इथेही तज्ज्ञांची पथकं पाठवावी लागली.

मग केंद्राने साथ असलेल्या भागांसाठी सूचना दिल्या. ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा आणि जिथे ९ महिन्यांखालच्या बाळांमध्ये रुग्णांचं प्रमाण जास्त आहे तिथे ६ महिन्यांपासूनच लस द्यावी. हे डोस नेहमीच्या दोन डोसमध्ये धरायचे नव्हते. तुमच्या भागात कधी अशी मोहीम आली तर "आमचे दोन झालेत" म्हणून दार लावून घेऊ नका. जादा डोसने अपाय होत नाही.

त्या हिवाळ्याचा धडा साधा आहे. लस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी मूल आजारी पडत नाही. चुकलेले डोस साठत जातात, एका वस्तीत, एका इमारतीत, एका शाळेत. आणि एक दिवस कोणीतरी खोकतं.

घरात निघणारे प्रश्न

सर्दी आहे, नाक वाहतंय. लस पुढे ढकलू का?
साधी सर्दी, थोडा खोकला, सौम्य ताप, दात येताना होणारे जुलाब, यापैकी कशासाठीही लस थांबवायची गरज नाही. मूल खूप तापलेलं किंवा गंभीर आजारी असेल तर डॉक्टरांना विचारून बरं झाल्यावर लगेच घ्या. आधीच्या डोसला तीव्र अॅलर्जी झाली असेल किंवा मुलाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर मात्र लस घेण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

लस घेतल्यावर ताप आला तर?
ही लस थोडी वेगळी आहे. तिचा ताप बहुधा त्याच रात्री न येता आठवडा-दीड आठवड्याने येतो आणि काही मुलांच्या अंगावर हलकं पुरळही दिसतं. दोन-तीन दिवसांत ते आपोआप जातं. ताप वाढला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. क्वचित एखाद्या मुलाला तापात झटका येतो. तो बहुतेक वेळा लगेच थांबतो, तरी मुलाला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

या लसीने मूल स्वमग्न होतं, असं व्हॉट्सअॅपवर आलंय.
ही अफवा १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखातून निघाली. पुढे त्यातली माहिती चुकीची असल्याचं उघड झालं, २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरची नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची वर्षानुवर्षांची नोंद तपासली गेली. २०१९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नता जास्त आढळली नाही. स्वमग्नतेची लक्षणं ज्या वयात ध्यानात येतात, त्याच वयात ही लस दिली जाते. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही.

अंगावर आलंय, देवीचा कोप आहे, औषध द्यायचं नाही. यावर काय बोलायचं?
घरातल्या मोठ्यांशी भांडून काही मिळत नाही. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा असेल तर ठेवू द्या, ओटी भरायची असेल तर भरू द्या. पण मुलाला डॉक्टरकडे नेणं, खाऊ-पिऊ घालणं आणि औषध देणं यात तडजोड करू नका. श्रद्धा आणि उपचार एका घरात नांदू शकतात.

मागे अंगावर पुरळ येऊन गेलंय, म्हणजे गोवर होऊन गेला ना?
लहान मुलांना ताप आणि पुरळ देणारे कितीतरी विषाणू आहेत. प्रत्येक पुरळ गोवर नसतं. खरोखर गोवर होऊन गेला असला, तरी लस घेतल्याने नुकसान होत नाही आणि रुबेलापासूनचं संरक्षण वर मिळतं.

सरकारी केंद्रातली लस चांगली असते का?
असते, आणि ती मोफत असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी गोवरची लस जगातल्या अनेक देशांतल्या मुलांना दिली जाते. खासगीत साधारण ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं असे एमएमआरचे तीन डोस दिले जातात. कुठेही घ्या, पण मध्येच सोडू नका.

तारीख उलटून गेली, आता?
आता लगेच घ्या. सरकारी केंद्रात ५ वर्षांपर्यंत राहिलेला डोस मिळतो. दोन डोसमध्ये किमान एक महिन्याचं अंतर हवं. पहिला डोस घेऊन कितीही काळ लोटला असला, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मूल ५ वर्षांहून मोठं असेल तर बालरोगतज्ज्ञांना भेटा.

केंद्रावर जाताना

लसीकरण केंद्रात "आज या, उद्या नको" किंवा "अजून दोन बाळं येऊ द्या" असं ऐकून तुम्हाला राग आला असेल. त्यामागे कारण आहे. ही लस पावडरीच्या रूपात येते, तिच्यासोबत आलेल्या ठरावीक द्रवात ती मिसळावी लागते आणि एकदा मिसळली की ४ तासांच्या आत वापरावी लागते. एका बाटलीत अनेक डोस असतात. उरलेले टाकून द्यावे लागतात. म्हणून ठरलेल्या दिवशीच गेलात तर तुमचंही काम होतं आणि लसही वाया जात नाही.

लस मिसळण्यातली ही काळजी किती महत्त्वाची आहे, ते पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या देशाने अनुभवलं. २०१८ मध्ये तिथे लसीत चुकून दुसरंच औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं दगावली. चूक मिसळण्यातली होती, पण लोकांचा लसीवरचाच विश्वास उडाला. लसीकरण काही महिने थांबलं, नंतरही पालक येईनात. २०१९ च्या अखेरीस गोवरची साथ आली आणि जेमतेम दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ जणांचा बळी गेला. त्यातली बहुतेक ५ वर्षांखालची मुलं होती. म्हणून केंद्रावर शंका असेल तर मोकळेपणाने विचारा. लस कोणती, बाटली किती वाजता उघडली, हे विचारणं हा तुमचा हक्क आहे. विचारा, आणि लस घ्या.

कार्ड सोबत न्या. बाळाला सैल बाह्यांचं झबलं घाला, कारण इंजेक्शन दंडावर देतात. बाळाला उपाशी नेऊ नका. लसीनंतर अर्धा तास केंद्रावरच थांबा. याच भेटीत अ जीवनसत्त्वाचा डोसही तोंडाने पाजतात, तो घेतल्याशिवाय निघू नका. आणि निघण्यापूर्वी कार्डावर तारीख पडली की नाही, ते स्वतः बघा.

घरात गोवर आलाच तर

ताप आणि पुरळ दिसलं की डॉक्टरांना दाखवा, पण जाण्याआधी फोन करून कल्पना द्या, म्हणजे गर्दीत बसावं लागणार नाही. गोवरवर विषाणू मारणारं खास औषध नाही. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका. न्यूमोनिया किंवा कानाचा संसर्ग झाला असेल, तरच डॉक्टर ते देतात. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस मात्र उपचाराचा भाग आहेत. ते २४ तासांच्या अंतराने, वयानुसार ठरलेल्या मात्रेत देतात. लसीसोबत नुकतंच दिलं असेल तरी डॉक्टरांना विचारा.

मुलाला पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. मऊ भात, वरण, पेज, ताक, नारळपाणी, जे जाईल ते थोडं थोडं द्या. कोमट पाण्याने अंग पुसा. पुरळ उठल्यापासून ४ दिवस इतर मुलांपासून, गरोदर स्त्रियांपासून आणि लहान बाळांपासून दूर ठेवा. संपर्कात आलेल्या, ज्यांचे डोस राहिलेत अशा मुलांना ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य राहू शकतो. त्यासाठीही लगेच डॉक्टरांना विचारा.

श्वास जोरात चालणं, छाती आत ओढली जाणं, दूध-पाणी न घेणं, सतत गुंगीत राहणं, झटके, डोळ्यात पांढुरकेपणा, खूप जुलाब, यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. थेट रुग्णालय गाठा.

आईसाठी दोन शब्द

एमआरमधला दुसरा आजार, रुबेला, मुलांना फारसा त्रास देत नाही. पण गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत तो आईला झाला तर गर्भ दगावू शकतो किंवा बाळ बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयाचे दोष घेऊन जन्माला येऊ शकतं. तुम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करत असाल आणि तुम्हाला ही लस मिळाल्याची खात्री नसेल, तर आधीच डॉक्टरांशी बोला. गरोदर असताना ही लस देत नाहीत आणि घेतल्यावर किमान एक महिना दिवस राहू न देण्याचा सल्ला देतात. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही ती घेता येते.

घर बदललं तरी कार्ड तेच

पुण्याहून बेंगळुरूला, इंदूरहून हैदराबादला, नागपूरहून सुरतेला. बदल्या होतात, सामान हलतं आणि लसीचं कार्ड कुठल्या तरी खोक्यात राहून जातं. लक्षात ठेवा, सरकारी वेळापत्रक देशभर एकच आहे. नव्या गावच्या केंद्रात भाषा वेगळी असली तरी कार्डावरचा रकाना तोच असतो आणि रहिवासी पुराव्यासाठी तुमचं बाळ अडवलं जाऊ नये, हीच या योजनेची भूमिका आहे. आता 'यू-विन' या सरकारी पोर्टलवरही बाळाची नोंद करता येते, जवळचं केंद्र शोधता येतं आणि प्रमाणपत्र मिळतं. पुढच्या वेळी केंद्रावर गेलात की आपल्या बाळाची नोंद त्यात झाली आहे का, ते विचारा.

आणि जरा आजूबाजूलाही बघा. दिवाळीच्या सुमारास बीडकडून कारखान्यांच्या फडांवर निघणारं ऊसतोड कुटुंब, वीटभट्टीवरचं कुटुंब, तुमच्या इमारतीशेजारी बांधकामावर राहणारं कुटुंब. त्यांचं बाळ ९ महिन्यांचं होतं एका गावात आणि दीड वर्षाचं होतं दुसऱ्याच ठिकाणी. तिथली आशाताई त्यांना ओळखत नाही, हे तिला ओळखत नाहीत. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना एकदा विचाराल का, "तुमच्या लेकराच्या दोन्ही लसी झाल्या का?" झाल्या नसतील तर लसीकरणाच्या दिवशी त्यांना दोन तासांची सुट्टी द्या, पगार न कापता. ही मदत त्यांच्या बाळाला जितकी, तितकीच तुमच्या घरातल्या पाळण्यालाही आहे.

आता कार्ड हातात असेलच. दोन्ही रकाने भरलेले असतील तर त्याचा एक स्पष्ट फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. आत्याने, मामीने आपापल्या मुलांचं कार्ड काढून बघावं म्हणून. दुसरा रकाना कोरा असेल तर फोटो आज काढू नका. जवळच्या केंद्राचा लसीकरणाचा वार कोणता, ते आधी विचारा, बाळाला घेऊन जा, आणि तारीख पडल्यावर फोटो काढा. बाळ त्यात रडत असेल. असू दे. त्या हजार फोटोंमध्ये तोही जपून ठेवा.